मकबऱ्याचा उस्ताद आणि भास्कराचार्यांचे गणित

करमाडहून आगगाडीने किंवा जालन्याच्या सडकेने छत्रपती संभाजीनगरला गेलात, तर बीबी-का-मकबरा पाहिलाच असेल. ‘ताजमहालाची नक्कल’ म्हणून आपण तो पाहतो आणि परततो. पुढच्या वेळी मुख्य दरवाजापाशी जरा थांबा. तिथल्या लेखात दोन नावे कोरली आहेत : रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली. तिची ही कबर 1660 च्या सुमारास उभी राहिली. त्याच वर्षांत तिकडे रोममध्ये बेर्निनी हा थोर शिल्पी संत पीटरच्या देवळापुढचा भव्य चौक बांधीत होता.

हा अताउल्ला कोण? ताजमहालाचा प्रमुख रचनाकार मानला जातो, त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. पण त्याची दुसरीही ओळख आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर त्याने 1634-35 मध्ये केले. आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा 1207 चा शिलालेख कुठे आहे म्हणाल, तर आपल्या डोंगरापलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटणला!

आता कुणी विचारील, दगडाच्या कामात बीजगणित कशाला? त्याच ग्रंथातला एक हिशेब घ्या. काटकोनाची एक बाजू 15, दुसरी 20, तर कर्ण किती? 15 चा वर्ग 225, 20 चा 400, बेरीज 625. म्हणजे कर्ण 25. गवंडी पाया आखताना दोरीने नेमके हेच ताडून पाहतो. कोपरा इथे बोटभर चुकला, की वर भिंतीत, कमानीत ती चूक वाढतच जाते.

मकबऱ्यात खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी आहेत; बाकीचे बांधकाम आपल्याच काळ्या पाषाणाचे, वरून चुन्याचा गुळगुळीत गिलावा. तो पाषाण घडवणाऱ्या, चुना घोटणाऱ्या हातांची नावे मात्र दरवाजावर नाहीत.

गुरुजी, तुमच्या वर्गात गवंड्याचा किंवा पाथरवटाचा मुलगा असेल. ‘याला गणित काय येणार,’ असे कुणाला म्हणू देऊ नका. त्याला घरचा गुण्या आणि ओळंबा आणायला सांगा. शाळेच्या पटांगणात 15 फूट आणि 20 फूट दोरी ताणा, आणि तिसरी बाजू त्यालाच मोजू द्या. पंचवीस भरले, की सगळा वर्ग त्याच्याकडे पाहील.