घरातलं ‘औषध’ आणि आपलं कुत्रं-मांजर

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. घरात उंदीर झाले की आपण दुकानात जाऊन काय मागतो? उंदराचं औषध. उसाला हुमणी लागली की उसाचं औषध. गाईला गोचीड झाले की गोचिडाचं औषध. आणि आपल्याला ताप आला की गोळी, तेही औषधच. विषालासुद्धा औषध म्हणायची आपली सवय आहे. भिगवण-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात ही सगळी ‘औषधं’ एकाच घरात, कधी एकाच फळीवर असतात. आणि त्याच घरात कुत्रं-मांजर वावरत असतं.

आधी उंदराचं औषध बघू. ते एकच नसतं, निदान दोन जातींचं असतं. करड्या-काळ्या पावडरीत बहुधा झिंक फॉस्फाइड असतं. ते पोटातल्या आम्लाला लागलं की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. काही मिनिटांत किंवा काही तासांत कुत्रं ओकायला, धापा टाकायला लागतं. त्याच्यावर उतारा नाही. आणि आपण काय करतो? घाईघाईनं दूध पाजतो, भाकरी चारतो. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. शिवाय त्याची ओकारी बंद खोलीत झाली, तर तो वायू माणसालाही बाधतो. म्हणून दारं-खिडक्या उघडा.

दुसरी जात रंगीत वड्यांची. त्यात बहुधा ब्रोमॅडिओलोनसारखं विष असतं, म्हणजे रक्त गोठू न देणारं. यात दोन-तीन दिवस कुत्रं छान खेळतं. आपण म्हणतो, ‘पचलं त्याला.’ मग अचानक मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, आतल्या आत रक्तस्राव होतो. याला मात्र उतारा आहे, जीवनसत्त्व के-१. वेळेत सुरू केलं आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे दिलं, तर जनावर वाचतं. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. खाल्लं असं कळलं की लगेच निघायचं.

आता शेतातलं. फोरेट, म्हणजे आपण ज्याला थिमेट म्हणतो, त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. पण गोठ्याच्या कोपऱ्यात जुनी पिशवी असेल तर ती आजही तेवढीच विषारी आहे. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी बादलीत ठेवू नका, कुत्रं ते पितं. या जातीच्या विषानं लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. गोचिडाचं औषध गाईला चालतं म्हणून मांजराला लावू नका. त्यातल्या काही रसायनांनी मांजराला झटके येतात. अंगावर सांडलंच, तर हातमोजे घालून साबण-पाण्यानं धुवा.

आणि आपली तापाची गोळी. मांजराच्या यकृताला पॅरासिटॅमॉल निकामी करता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. प्रेमानं दिलेली असली तरी.

औषधाशिवाय एक खास भिगवणचा धोका. उजनीचं पाणी शेजारी, त्यामुळे चिलापी घरोघरी. माशाच्या वासानं मांजर गळ किंवा तंगूस गिळतं. तोंडातून किंवा मागून तंगूस लोंबत असेल तर ओढू नका. आतडं कापलं जातं.

मग करायचं काय? विष उंच, बंद पेटीत, मूळ पुडक्यासकट ठेवा. सॉफ्टड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका. काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी, तेल, तूप, दूध यातलं काहीही पाजू नका. मिठाचं पाणी स्वतःच विष ठरू शकतं, आणि गुंगीत असलेल्या जनावराच्या फुप्फुसात ते जातं. डॉक्टरांना आधी फोन करा. किती वाजता, अंदाजे किती खाल्लं ते सांगा. आणि ते पुडकं, रिकामं असलं तरी, बरोबर घेऊन या.

कारण ‘उंदराचं औषध खाल्लं’ एवढ्यानं डॉक्टरला काही कळत नाही. पुडक्यावरच्या नावानं उतारा आहे की नाही ते कळतं, आणि त्यातच जनावराचा जीव असतो. आज घरी गेल्यावर एक करा. तेवढी एक फळी बघा.