वीजमीटरमधील आकडे न चुकता कसे पोहोचतात?

वीजमीटरच्या पडद्यावरील आकडा थेट तारेतून येत नाही. तारेतील विद्युत दाब आणि प्रवाह अखंड बदलत असतात. मीटरमधील संगणकीय चिपला मात्र शून्य आणि एक एवढीच भाषा कळते. या दोघांमधील दुभाष्याचे काम 'डेटा कन्व्हर्टर' करतो. ठरावीक अंतराने तो मोजमाप घेतो आणि त्याचा आकडा मुख्य चिपला, म्हणजे 'होस्ट'ला देतो. चोवीस बिटांच्या आकड्यासाठी चोवीस तारा ओढणे परवडणारे नसल्याने बिट एकाच तारेवरून एकामागोमाग एक पाठविले जातात. यालाच 'सीरियल' संदेशवहन म्हणतात.

सोय झाली, पण धोकाही आला. होस्टच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट पुढे सरकतो. विद्युत खळबळीमुळे एखादा खोटा ठोका पडला, तर सारी रांग एका घराने सरकते. '००११' म्हणजे तीन. तेच '०११०' असे वाचले गेले, तर सहा होतात. आकडा दुप्पट होतो आणि तरीही तो खराच वाटतो.

चौकटीची शिस्त

यावरचा उपाय म्हणजे 'फ्रेम', अर्थात संदेशाची चौकट. १९८०च्या दशकात मोटोरोला कंपनीने रूढ केलेल्या 'एसपीआय' पद्धतीत चार तारा असतात : घड्याळाची, जाणाऱ्या माहितीची, येणाऱ्या माहितीची आणि चिप निवडण्याची. निवडीच्या तारेवरील दाब खाली आला की चौकट उघडते, वर गेला की मिटते. प्रत्येक चौकटीत मोजणी नव्याने सुरू होत असल्याने घसरलेली रांग पुढच्या चौकटीत पोहोचत नाही.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची 'एडीएस१३१एम०४' ही वीजमीटरसारख्या उपकरणांसाठीची चिप याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या नेहमीच्या चौकटीत प्रत्येकी २४ बिटांचे सहा शब्द येतात. पहिल्यात होस्टच्या आदेशाचे उत्तर, पुढील चारांत चार वाहिन्यांची मोजमापे आणि शेवटच्यात पडताळणीचा आकडा. पहिल्या शब्दातील उत्तर मात्र त्याच चौकटीतील आदेशाचे नसून मागील चौकटीतील आदेशाचे असते. आदेश जात असतानाच उत्तरही येत असते. न वाचलेल्या प्रश्नाचे उत्तर चिप देणार तरी कसे? ही एका फेरीची दिरंगाई होस्टने ध्यानात ठेवावी लागते.

बेरजेतील चूक

सेकंदाला ४,००० मोजमापे घेतली, तर १४४ बिटांच्या चौकटीनुसार दर सेकंदाला ५,७६,००० बिट तारेवरून धावतात. त्यातील बिघाड ओळखण्यासाठी 'सीआरसी' नावाची पडताळणी असते. संपूर्ण संदेश एक मोठी संख्या मानून त्याला विशिष्ट पद्धतीने भागले जाते आणि १६ बिटांची बाकी सोबत धाडली जाते. होस्ट तोच भागाकार पुन्हा करतो. बाकी जुळली नाही, तर ते मोजमाप टाकून द्यायचे. हजारो मोजमापांतील एक गळाल्याने फारसे बिघडत नाही. चुकीचे एक मात्र युनिटांच्या बेरजेत कायमचे शिरते.

अर्थात चौकट केवळ वाहतुकीची हमी देते. मोजमापच चुकीचे घेतले गेले, तर ती चूकही तितक्याच बिनचूकपणे होस्टपर्यंत पोहोचते. म्हणूनच चिपमध्ये कितीही चोख पडताळणी असली, तरी मीटरची प्रत्यक्ष चाचणी टळत नाही.