परदेशातल्या नगरकरांनो, 31 जुलै विसरू नका

दुबईत किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या नगरकरांचा सावेडीतला फ्लॅट भाड्याने असतो, गावच्या सातबाऱ्यावर नाव असतं, बँकेत एफडी असते. ‘आता आपला इथल्या टॅक्सशी काय संबंध?’ हा समज महागात पडतो. परदेशातला पगार भारतात करपात्र नसला, तरी भारतातलं भाडं आणि व्याज करपात्रच राहतं.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, एनआरई खात्यावरचं व्याजही. खरी मेख एनआरओ खात्यात आहे. तिथल्या व्याजावर बँक 30 टक्के टीडीएस आणि वर सेस कापते, म्हणजे 31.2 टक्के. समजा व्याज 2 लाख झालं, तर 62,400 रुपये गेले! पण भारतात दुसरं उत्पन्नच नसेल, तर हे व्याज 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेत बसतं आणि रिटर्न भरल्यावर सगळा टीडीएस परत मिळतो. किती घरांचे हे पैसे नुसते पडून राहत असतील!

आयटीआर-1 अनिवासींसाठी नाही. पगार, व्याज, भाडं असेल तर आयटीआर-2 घ्या. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा. भारतातलं सिम बंद असल्याने ओटीपी येत नसेल, तर नेट बँकिंगमधून ते होतं.

आणि हो, भाडेकरूलाही सांगा: मालक अनिवासी असेल तर भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूची आहे, भाडं कितीही कमी असो.

रिटर्नची 31 जुलैची मुदत हुकली तर 31 डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह रिटर्न भरता येतं.