जहाजाआधी समुद्र निवडा

आंदर मावळातल्या पावसाची मूळ वाट पूर्वेची. आंद्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेत शिरते, भीमा कृष्णेत, आणि खांडीच्या डोंगरावरचा थेंब अखेर बंगालच्या उपसागरात पोचतो. पण टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने ठोकरवाडीला ही नदी अडवली आणि बोगद्यातून तिचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघराकडे वळवलं. 1922 पासून हे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोसळतं, मुंबईसाठी वीज तयार करतं आणि उल्हास नदीतून अरबी समुद्राला मिळतं. एका चिमुकल्या खोऱ्याचं पाणी दोन समुद्रांना जातं! म्हणून आंदर मावळातल्या टाकव्याच्या किंवा वडेश्वरच्या कुणी सहकुटुंब क्रूझचा बेत केला, तर त्यांनी जाहिरातीतला स्विमिंग पूल बाजूला ठेवून आधी या दोन समुद्रांचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतं. मात्र 2023 च्या जूनमध्ये ते चेन्नईहून श्रीलंकेकडे निघालं होतं. पावसाळ्यात किनारा का बदलायचा? लाट किती मोठी होणार, हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतो आणि त्याला मोकळं पाणी किती अंतर मिळतं. नैर्ऋत्य मोसमी वारा हजारो किलोमीटर उघड्या समुद्रावरून येतो, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर पोचेपर्यंत लाटा ऐन भरात असतात. तोच वारा सह्याद्री चढताना आंदर मावळात धो धो कोसळतो. दक्षिणेला याच डोंगररांगेवर पाऊस टाकून वारा पूर्वेकडे उतरतो, तेव्हा चेन्नईजवळ तो जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. किनाऱ्यालगत लाट वाढवायला त्याला पाण्याची लांबीच मिळत नाही. आपल्या गावात भाताच्या लावणीला पाऊस देणारी डोंगरांची भिंत एका प्रचंड जहाजाचं वेळापत्रकही ठरवते, हे कळल्यावर आपल्या मावळातल्या कुसूर घाटाकडे बघण्याची नजरच बदलते.

कोकणातल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. मुंबई-गोवा मार्गावरच्या कोकणसेवक, कोकणशक्ती या बोटी पावसाळ्यात बंद असत. ऑक्टोबरपासून गणित उलटतं. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस येतात आणि अरबी समुद्राचा आपला किनारा निवळतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत मुंबईहून निघणं उत्तम. मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल, तर सिंगापूरचाही विचार करावा. तिथल्या मलाक्काच्या सामुद्रधुनीला सुमात्रा बेटाचा आडोसा आहे, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळं सहसा तयारच होत नाहीत.

समुद्र ठरला की मग जहाज. माहितीपत्रकात ‘ग्रॉस टनेज’ नावाचा आकडा असतो. ते जहाजाचं वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेल्या ‘एम्प्रेस’चं माप 48,563, म्हणजे आत सुमारे एक लाख साठ हजार घनमीटर जागा! या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. खोलीत दोघे धरले तर ‘एम्प्रेस’वर साधारण 1,600 प्रवासी मावतात, म्हणून उत्तर येतं 30. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या 2024 च्या महाकाय जहाजाचं माप 2,48,663 आणि प्रवासी 5,610, तिथे उत्तर 44. हा आकडा जितका मोठा, तितकी जेवणाच्या रांगेत आणि जिन्यांवर गर्दी कमी जाणवते. लहान मुलं हाताशी असताना ही भागाकाराची तसदी जरूर घ्यावी.

घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना बोटही लागू शकते. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय हालचाल सांगतं, या विसंगतीने पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. जायरोस्कोपकडून कलण्याचा अंदाज घेऊन हे स्टॅबिलायझर स्वतःचा कोन बदलतात आणि पाण्याचाच दाब वापरून जहाज सावरतात. विमानाचा पंख हवेत जे करतो तेच इथे पाण्यात घडतं, म्हणूनच जहाज वेगात असताना ते सर्वात चांगलं काम करतात. पण ते आवरतात ते डावं-उजवं डोलणं. पुढचं-मागचं टोक वर-खाली होणं त्यांच्या हाती फारसं नाही. सीसॉवर मधोमध बसलेलं मूल सर्वात कमी हलतं, तसंच इथेही. त्यामुळे केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी. गंमत म्हणजे, खालच्या डेकवरच्या केबिन बहुधा स्वस्तही असतात! बाल्कनीचे पैसे वाचवून आणखी एक रात्र वाढवलेली मला केव्हाही बरी वाटते.

आजी-आजोबा सोबत असतील तर आणखी एक प्रश्न बुकिंगआधी विचारावा: जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात थांबणार? लक्षद्वीपची बेटं प्रवाळांनी बांधलेली आहेत. त्यांच्या भोवतालच्या उथळ लगूनमध्ये मोठं जहाज शिरू शकत नाही, ते बाहेरच खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना हलत्या लहान होडीत उतरून बेटावर जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर गोवा किंवा कोचीची फेरी घ्यावी. तिथे थेट धक्क्यावर उतरता येतं.