रबराच्या बटणांचा चार दशकांचा प्रवास

23 एप्रिल 1982 रोजी ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला, तेव्हा सगळ्यात जास्त चेष्टा झाली ती त्याच्या रबरी कळफलकाची. मेलेल्या मांसावर बोट ठेवल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणत. डिझायनर रिक डिकिन्सनपुढचं गणित मात्र पैशांचं होतं. 16 केबीचं यंत्र 125 पौंडांत द्यायचं होतं, आणि नेहमीच्या कळफलकात प्रत्येक बटणाला वेगळी टोपी, वेगळी स्प्रिंग, वेगळा स्विच लागे. त्याऐवजी चाळीस बटणांची एकच रबरी चटई, वर भोकं पाडलेला पत्रा, खाली पातळ मेंब्रेन. मामला चार-पाच थरांत आटोपला. चेष्टा होतच राहिली आणि स्पेक्ट्रम लाखांनी खपत राहिला.

त्या यंत्रात रबराचं काम फक्त स्प्रिंगचं होतं, विजेची जोडणी खालचा मेंब्रेन करी. पुढे सर्रास रुळलेल्या रचनेत रबरानं तेही काम अंगावर घेतलं. बटणाच्या तळाला कार्बन मिसळलेल्या सिलिकॉनची काळी टिकली बसवायची. बटण दाबलं की ती सर्किट बोर्डावरच्या दोन पट्ट्यांवर टेकते आणि त्या जोडल्या जातात. या टिकलीचा रोध साधारण शंभर-दोनशे ओहमच्या आत राहिला की झालं. मेंब्रेनही गेला.

पण खरी कारागिरी टिकलीत नाही. बटण दाबताना बोटाला जे जाणवतं, ते बटणाला चटईशी जोडणाऱ्या तिरप्या भिंतीचं काम. तिची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांची. बोटाचा जोर वाढतो, भिंत थोडा वेळ तग धरते, मग एकदम दुमडते आणि बटण खाली जातं. दुमडण्याआधीचा जोर आणि टिकली टेकतानाचा जोर यांतला फरक आधीच्या जोराच्या 40 ते 60 टक्के असला की बोटाला 'टक्' कळतं. फरक कमी ठेवला तर बटण लिबलिबीत लागतं पण जास्त टिकतं. फार वाढवला तर भिंत लवकर चिरते. गिऱ्हाइकाला अर्थातच दोन्ही हवं असतं.

म्हणून अनुभवी साचेवाले पहिल्या साच्यात भिंत मुद्दाम पातळ धरतात. नमुना हातात घेतल्यावर जोर कमी वाटला तर साच्याचं पोलाद थोडं खरवडून भिंत जाड करता येते. खरवडलेलं पोलाद परत भरणं महागात जातं. दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे हवा. चटईच्या पोटाला बारीक चर नसतील तर दाबलेल्या बटणाखालची हवा कोंडते आणि बटण चिकटल्यासारखं सावकाश वर येतं.

आपल्याकडे हे रबर घराघरांत पोचलं ते टीव्हीच्या रिमोटमधून. 1991 मध्ये स्टार आला, 1992 मध्ये झी, आणि उठून चॅनेल बदलणं लोकांना जड वाटू लागलं. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबरबँड लावणारी घरं कोणी पाहिली नाहीत? पिशवीनं धूळ अडायची, पण बटण पेंगायचं ते बहुतेक वेळा आतल्या कारणानं. कणकेसारखं मळलेलं कच्चं सिलिकॉन 170-180 अंशांवर प्रेसखाली काही मिनिटांत पक्कं होतं. त्यानंतर चटई दोनेकशे अंशांच्या भट्टीत काही तास ठेवायची असते, म्हणजे आत उरलेले हलके अंश उडून जातात. घाईत हे तास वाचवले, तर तेच अंश पुढे हळूहळू पाझरून पट्ट्यांवर तेलकट पापुद्रा धरतात. दुरुस्तीवाला रिमोट उघडून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा तो बऱ्याचदा हाच.

छपाई हे वेगळंच दुखणं. सिलिकॉनला साधी शाई धरतच नाही, सिलिकॉनचीच शाई लागते, आणि तीही रोजच्या अंगठ्यानं झिजते. प्रत्येक जुन्या रिमोटवर आवाजाचं बटण आधी कोरं का होतं, हे सांगायला नको. मोबाइलच्या काळात यावर चांगला उपाय रुळला: पारदर्शक रबरावर आधी पांढरा रंग, वर काळा, आणि लेझरनं काळा रंग अक्षरापुरता उडवायचा. मागून दिवा लावला की अक्षर उजळतं.

माझ्या मते रबरी चटईचं सोनं केलं ते 2003 च्या नोकिया 1100 ने. टॉर्चबरोबर त्याची दुसरी खुबी म्हणजे धूळ आत जाऊ न देणारं सलग की-पॅड. ज्या एकसंधपणावरून स्पेक्ट्रमला नावं ठेवली गेली, तोच इथे गुण ठरला. या फोनचे पंचवीस कोटींहून जास्त नग खपले.

मग 2007 मध्ये आयफोन आला. प्लॅस्टिकमध्ये बसवलेली बटणं गरज असो-नसो तिथेच राहतात, ही स्टीव्ह जॉब्सची तक्रार होती. स्पेक्ट्रमच्या एकेका बटणावर आणि त्याच्या आजूबाजूला पाच-सहा शब्द छापावे लागले होते. ते पाहिलं तर तक्रार खोटी म्हणवत नाही. फोनमधून रबर गेलं. मल्टिमीटरवर, मोटारीच्या किल्लीत, रुग्णालयातल्या पंपांवर, हातमोजे घालून किंवा न बघता दाबायच्या जागी ते राहिलं. 2024 मध्ये स्पेक्ट्रमची नवी प्रतिकृती विक्रीला आली, तीही रबरी बटणांसकट.

डिसेंबर 2013 पासून आपल्याकडे डेबिट कार्डाला दुकानातल्या यंत्रावरही पिन सक्तीचा झाला. त्या यंत्रांच्या रबरी बटणांत पाचच्या आकड्यावरचा उंचवटा दृष्टिहीनांसाठी असतो, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. आतली गंमत बाहेरून दिसत नाही. अशा अनेक यंत्रांत काही कार्बनच्या टिकल्या कोणीही दाबायच्या नसतात. यंत्राचं कवच बंद झालं की त्या कायमच्या दाबल्या जातात. चोरानं कवच उघडलं की टिकली सुटते, जोडणी तुटते आणि यंत्र आपल्या गुप्त किल्ल्या पुसून टाकतं. वर्षानुवर्षं दाबून राहिलेलं हे रबर चपटं पडून चालत नाही, नाहीतर चोर नसतानाही यंत्र स्वतःला पुसून बसेल. म्हणून अशा कामाचं रबर निवडताना ते चेपल्यानंतर किती परत फुलतं, हे आधी तपासतात, आणि भट्टीतले तास वाचवू देत नाहीत.