नौकेवरील वीज आणि लॅपटॉप

पेशवे घराण्यातील अमृतरावांचे नाव पूर्वी धारण करणाऱ्या काशीच्या घाटासमोरून आज वल्ह्यांच्या नावांबरोबर यंत्रनौकाही जातात. अशा यंत्रनौकेवर लॅपटॉप चालवावयाचा झाल्यास वीज कशी घ्यावी?

लहान नौकेतील बॅटरी सामान्यतः १२ व्होल्ट दाब देते. लॅपटॉपला बहुधा १९ व्होल्टांच्या आसपास लागतो. इन्व्हर्टर एकदिश प्रवाहाचा २३० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह करतो आणि चार्जर तो पुन्हा एकदिश करतो. या दुहेरी रूपांतरात वीज दोनदा वाया जाते. दाब सरळ १२ वरून १९ वर चढविणारे साधन वापरल्यास अपव्यय कमी होतो.

१०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १२०० वॅट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच ऊर्जा वापरावी. अन्यथा तिचे आयुष्य घटते. एवढ्यावर ५० वॅटचा लॅपटॉप, रूपांतरातील घट धरून, सुमारे दहा तास चालेल. परंतु इंजिन सुरू करणारी बॅटरीच रिती झाली, तर नौका प्रवाहाच्या स्वाधीन होईल. म्हणून लॅपटॉपसाठी निराळी बॅटरी ठेवावी व तिच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवावा. तारा परस्परांस भिडल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहून आग लागू शकते; फ्यूज स्वतः वितळून तो प्रवाह तोडतो.