पडद्यावरचे रण आणि दारातले वैर

ठाण्याच्या वर्तकनगर परिसरात २०२२ साली एका तरुणाचा मित्रांनीच खून केला आणि पबजी खेळावरून जडलेले वैमनस्य हे त्याचे कारण पोलिसांनी सांगितले, तेव्हा सारा दोष खेळाच्या माथी मारणे सोपे होते. परंतु त्या खेळावर सरकारने बंदीचे फर्मान सप्टेंबर २०२० मध्येच काढले होते; तरीही हे वैर टळले नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचाही त्याच वर्षीचा निर्वाळा असा, की हिंसक खेळांचा आरडाओरड, ढकलाढकली अशा आक्रमक वर्तनाशी अल्प संबंध आढळला, तरी प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या ज्या घरांत आईवडील रात्रीच्या लोकलने परततात, तेथे मोबाइल जप्त करण्यापेक्षा मुलगा कोणाशी खेळतो, हरल्यावर कोणावर चिडतो, याची आस्थेने विचारपूस करणे अधिक हितावह होय.